ओढ्याकडचा दगड

हेमलॉक गॅप
६ मार्च २०१६

ताई,

पेन्सिलीनं लिहितेय, नाक मुरडू नकोस. पेननं लिहिलं की चुकलेलं खोडता येत नाही, आणि माझं चुकतंच. डेलेनी म्हणाली, "मामॉ, तू नुसती सांग, मी लिहिते." म्हटलं, नको गं बाई, माझ्या बहिणीला माझं अक्षर ओळखू येतं, तिनंच शिकवलंय. मी तिसरीपर्यंत शाळेत गेले खरी, पण तीसुद्धा तू मला चुलीपुढे बसवून, फळीवर कोळशानं अक्षरं काढून पुरी करून घेतलीस. नाहीतर दुसरीतच राहिले असते.

डेलेनी म्हणजे माझी नात, आमच्या वांडाची धाकटी. तू पाहिलीस तेव्हा सात वर्षांची होती, पुढचे दोन दात पडलेले. आता एकवीस वर्षांची झालीय आणि माझ्यापेक्षा वीतभर उंच. गेल्या पानगळीपासून माझ्याकडेच राहते, गावातल्या दवाखान्यात कामाला जाते. ताई, या वयात घरात कुणी गुणगुणत फिरणारं मिळालं म्हणजे काय होतं ते तुला काय सांगू. माझं कोंबड्यांशी बोलणं कमी झालंय. कोंबड्या रुसल्यात.

आता मोठी बातमी. डेलेनीनं टेकडीवरच्या कबरींचे सगळे दगड पाठ केले. एकेचाळीसच्या एकेचाळीस. माझे गुडघे आता ती चढण चढू देत नाहीत, आणि मे महिन्यात डेकोरेशनच्या रविवारी, कबरींवर फुलं ठेवायच्या दिवशी, काठी टेकत एकेका दगडाशी थांबून नाव घ्यायला कुणीतरी हवं ना. कुठल्याच दगडावर अक्षर नाही. आईनं मला बोटानं दाखवले आणि मी तोंडानं लक्षात ठेवले, तेवढाच दप्तरातला कागद. मी गेले की ते एकेचाळीस जण नुसते दगड होतील, या विचारानं मला हल्ली घास गिळवत नव्हता. तर या पोरीनं काय केलं, जेवणाच्या टेबलावर वालाचे दाणे मांडले, ओळीनं, जसे वर टेकडीवर आहेत तसे. चमच्याचा दांडा एकेका दाण्याला टेकवायचा आणि नाव म्हणायचं. हा आजा, ही आजी, ही बाळंतपणात गेलेली नॅन, हा लाकूड अंगावर पडून गेलेला वायली. सगळा हिवाळा आम्ही तेच केलं. परवा ती न चुकता शेवटच्या दोन दाण्यांपर्यंत पोचली. हेमलॉकच्या झाडाखालचे ते दोन. तिथं थांबली आणि म्हणाली, "बाळ आणि पाहुणा. पण यातला बाळ कुठला, मामॉ? तू कधी इकडचा म्हणतेस, कधी तिकडचा."

मी म्हटलं, उशीर झालाय, दाणे डब्यात भर.

आपल्या डिवीचा हार्लन आठवतो ना, तो आता दगड कोरतो. देवाघरी गेलेल्या बापाचे, आपल्या भावाचे, हात त्याला जसेच्या तसे मिळालेत, डावखुरा आहे. त्याच्या मनात आलंय की बाळाला एक कोरलेला दगड बसवायचा. शंखजिऱ्याचा, मऊ, वर एक कोकरू. नाव ठेवायच्या आत गेला, म्हणून नुसतं 'बाळ' लिहायचं आणि १९४३. सात मेला साफसफाईला माणसं जातील, तेव्हा तो बसवणार, खाली सिमेंट घालून. एकदा बसला की बसला. म्हणून तो मला दर रविवारी चर्चबाहेर गाठून विचारतो, "झेटीआत्या, ओढ्याकडचा की टेकडीकडचा?"

मी त्याला सांगितलं, खाच असलेला दगड बाळाचा, म्हणजे टेकडीकडचा. माझं म्हणणं तुला ठाऊक आहे. तुझं म्हणणं मला ठाऊक आहे. मला तो विषय काढायचाच नाही.

तरी तुला काही आठवत असेल तर लिही. सहज.

तुझी धाकटी
झेटी

हेमलॉक गॅप
२८ मार्च २०१६

ताई,

तुझं पत्र आलं नाही. पत्ता तोच असेल ना? अ‍ॅक्रनमधलं तेच पिवळं घर? नाताळच्या कार्डावर वांडा तोच पत्ता लिहिते आणि मी खाली नाव टाकते. मागच्या खेपेला तर नावही तिनंच टाकलं, माझे हात पिठात होते. ते तुला कळलं असणार. तुला सगळं कळतं, हीच तर तुझी खोड.

फुलं तयार होतायत. क्रेप कागदाची, मेणात बुडवून, आई करायची तशी. स्वयंपाकघरात मेणाचा वास असा बसलाय की कालच्या कॉर्नब्रेडलाही लागला. मॉसी मदतीला येते, म्हणजे फुलं मी करते आणि ती मला कशी करायची ते सांगते. आपल्या चुलतबहिणीत काडीचा फरक पडलेला नाही. भरलेली अंडी या वर्षीही तीच आणणार आणि या वर्षीही त्यात मोहरी जास्त होणार. सगळे मुकाट्यानं खाणार. टेकडीवर जायला पार्कवाले धरणातून बोट सोडतात, तिच्यावर ती नारिंगी जाकिटं घालायला लावतात ना, मॉसी म्हणते त्यात ती भोपळ्यासारखी दिसते, म्हणून तिला नको. पार्कचा तरुण अधिकारी तिला म्हणाला, "आज्जी, बुडालात तर भोपळाच तरतो." तेव्हापासून ती त्याच्यासाठी वेगळी अंडी काढून ठेवते.

या हिवाळ्यात धरणाचं पाणी खूप उतरलं. आपल्या बुडालेल्या बर्च कोव्हच्या शाळेची पायरी उघडी पडली होती, आणि गिरणीचा पाया. डेलेनीला काठावरून दाखवलं. म्हटलं, ती पायरी दिसतेय ना, तिथून आपलं घर हाकेच्या अंतरावर. ती म्हणाली, "मामॉ, तिथं तर पाणी आहे." म्हटलं, हो बाई, पण हाकेच्या अंतरावरच.

तिला पाहुण्याची गोष्ट सांगत होते. सांगता सांगता लक्षात आलं की मला स्वतःचं असं फारसं आठवतच नाही. मी सहा वर्षांची, तापानं फणफणलेली, दोन गोधड्यांखाली. तो पाठीवर गाठोडं घेऊन सुया, दोरे, कंगवे विकत यायचा, त्या जानेवारीत आला तो तापच घेऊन, आणि आपल्या अंगणातच बसला. आईनं त्याला आत घेतलं. परक्या भाषेत पुटपुटायचा. चार दिवस होता. आईनं नाव विचारलं, पण तापात तो जे म्हणाला ते कुणाला धरता आलं नाही, म्हणून 'पाहुणा'. शेवटच्या दिवशी त्यानं खुणेनं चघळायची तंबाखू मागितली, आणि बाबांनी आपल्या खिशातली काढून दिली. म्हणून दर डेकोरेशनला पाहुण्याच्या दगडाशी तंबाखूची वडी ठेवायची, आणि बाळाच्या दगडाशी खेळणं. आई म्हणायची, याचीही आई कुठंतरी वाट बघत बसली असेल, तिच्यातर्फे आपण फूल ठेवायचं. त्याच आठवड्यात आपला धाकटा भाऊ, तो बाळ, गेला, नऊ दिवसांचा. मला उठता येईपर्यंत दोघंही वर टेकडीवर गेले होते. तू मात्र होतीस. तू अकरा-बारा वर्षांची.

एक गंमत सांगते. त्या दोन ढिगाऱ्यांतला ओढ्याकडचा दरवर्षी खचतो. माती ओढून ओढून आम्ही थकतो. टेकडीकडचा मात्र जसाच्या तसा, एक बोटही खाली जात नाही. मी म्हणते, लहान मूल आहे, त्याला जागा ती किती लागणार, म्हणून खचत नसेल. बघ, म्हणजे माझंच बरोबर ठरतं.

चौदा वर्षांमागच्या त्या डेकोरेशनला तू पुडिंगचं भांडं उचललंस आणि तसंच बोटीत घेऊन गेलीस. फॉइलसुद्धा काढली नव्हतीस. चाळीस माणसांनी बघितलं. केळ्याचं पुडिंग त्या वर्षी कुणालाच मिळालं नाही, आणि त्यानंतरही नाही. मॉसीनं एकदा करून बघितलं. त्याबद्दल मी काही बोलत नाही.

पत्र टाक.

झेटी

हेमलॉक गॅप
१७ एप्रिल २०१६

ताई,

पोस्टमन मला पाहून आता लांबूनच मान हलवतो. गरीब बिचारा, त्याला वाटतं मी कुणा म्हाताऱ्याच्या पत्राची वाट बघतेय.

आज रविवार, मी चर्चला गेले नाही. पाय दुखतात म्हणून सांगितलं. पाय दुखतायत हे खरं आहे, पण मी त्याच्यामुळे घरी राहिले नाही. हार्लन दाराशी उभा असणार. त्याचं कोकरू कोरून झालंय. काल घेऊन आला होता, गोणपाटात गुंडाळून, दाखवायला. ताई, त्या कोकराचे कान! डिवी लहानपणी साबणाच्या वड्या कोरायचा ना, थेट तसे. मला रडू आलं, आणि त्याला वाटलं मी खूश होऊन रडतेय. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं.

आता जे लिहिते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही, तो जाईपर्यंत.

२००२ साली, तू यायच्या आदल्या आठवड्याच्या शनिवारी, मी साफसफाईला गेले होते. गवत खरवडून, माती ओढून, ढिगारे नीट करून आम्ही हेमलॉकखाली पोचलो. ते दोन दगड तिरके झाले होते. म्हटलं सरळ करू. दोन्ही उपटले. झाडाच्या मुळाशी टेकवून ठेवले. तेवढ्यात बायकांनी जेवायला हाक मारली. सुक्या सफरचंदांच्या तळलेल्या करंज्या होत्या, मी दोन खाल्ल्या. मग तिथंच मॉसीनं तिच्या सुनेची गोष्ट काढली, ती काय लवकर संपते. परत आले तर दोन दगड माझ्याकडे बघतायत आणि मी त्यांच्याकडे. कुठला कुठून काढला, मला सांगता येईना.

खाच असलेला बाळाचा, हे पक्कं होतं, आईनं सांगितलेलं. पण तो ओढ्याकडे होता की टेकडीकडे? पार्कची बोट सुरू झाल्यापासून चोवीस वर्षं मी दर मेमध्ये तिथं उभी राहिले, पण बघायची ती खाच, जागा बघितलीच नाही. आजूबाजूला माणसं होती. विचारायची लाज वाटली. दगडांची माहितगार मी, सगळे माझ्या तोंडाकडे बघून नावं म्हणणार, आणि मीच विचारायचं की बाबांनो, बाळ कुठं? मी मनात एक धरलं आणि दगड रोवले. खाचेचा टेकडीकडे. माती दाबली. कुणाला काही कळलं नाही.

आठ दिवसांनी तू आलीस आणि एका नजरेत म्हणालीस, "झेटी, बाळ तिकडे नाही. ओढ्याकडे आहे."

आपण दोघीच असतो तर मी कबूल केलं असतं. असं मी चौदा वर्षं स्वतःला सांगतेय. बहुतेक केलं नसतं. मी म्हटलं, आईनं मला दाखवलंय, खाचेचा दगड बाळाचा. तू म्हणालीस, खाच असो नसो, मी तिथं उभी होते. मग मी जे म्हणाले ते तुला आठवत असेलच. तरी मी लिहिते, कारण ते मी तोंडानं बोलले होते, तेव्हा हातानं लिहायलाही पाहिजे. मी म्हणाले, "जे इथून निघून गेले त्यांनी इथल्या मेलेल्यांबद्दल बोलू नये."

सगळ्यांपुढे म्हणाले. तू टायरच्या कारखान्यात उभी राहून आईच्या औषधाला, डिवीच्या बुटांना, माझ्या लग्नाच्या कपड्यांना हातभार लावलास, आणि मी तुला हे म्हणाले. तू ओठ मिटलेस, जसं काही तोंडात सुई धरलीय, आणि भांडं उचललंस.

चौदा वर्षं बाळाशी तंबाखू ठेवली असेन मी, ताई. आणि त्या बिचाऱ्या पाहुण्याशी दरवर्षी लाकडी मोटार, खुळखुळा, मागच्या वर्षी रंगीत भोवरा. त्याला वाटलं असेल, या बाईच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय.

तुझं बरोबर होतं असं मला वाटतं. पण वाटण्यावर सिमेंट ओतता येत नाही. हार्लन सात तारखेला जाणार. ये, नाहीतर लिही. रागावून लिहिलंस तरी चालेल. मला बाळाचा दगड चुकीच्या माणसावर बसवून मरायचं नाही.

तुझी
झेटी

हेमलॉक गॅप
४ मे २०१६

ताई,

तुझं पत्र काल आलं. खुराड्याच्या पायरीवर बसून तीनदा वाचलं. डेलेनी म्हणाली वाचून दाखवू का, मी दिलं नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा अक्षरं दिसत होती, अर्थ दिसत नव्हता. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा एक कोंबडी माझ्या मांडीवर येऊन बसली आणि मी तिला हाकललंसुद्धा नाही.

जमीन दगडासारखी गोठलेली होती. बाबांच्या अंगातही ताप होता. कुदळ उचलायची, दोन घाव घालायचे, खाली बसायचं. सगळा दिवस जाऊन एकच खड्डा झाला, आणि दुसरा खणायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. हे सगळं तू लिहिलंस, आणि पुढे लिहिलंस ते मी इथं परत लिहून काढते, म्हणजे माझ्या हाताला ते कळेल. "आईनं पाहुण्याचा हात सरकवला आणि म्हणाली, एवढंसं पोर एकटं कसं जाईल, याच्या कुशीत जाऊ दे. बाळ माझ्याकडे होता. मी बाबांच्या हातात दिला, बाबांनी खाली ठेवला."

आणि मी तुला म्हणाले की तू बोलू नकोस.

दगड दोन, खड्डा एक. आजीला कळू नये म्हणून. आजीनं घर डोक्यावर घेतलं असतं, आपल्या रक्ताचं मूल, पेटीशिवाय, कुठल्या देवाला मानतो कोण जाणे अशा परक्याच्या हातात. म्हणून बाबांनी शेजारी नुसती माती ओढली आणि दुसरा दगड रोवला. टेकडीकडे खाली कुणीच नाही. म्हणून तो खचत नव्हता! आणि मी त्याचं कारण तुला पत्रात समजावून सांगत होते. तू वाचताना हसली असशील. हसलीस असं समजते.

तू आईला शब्द दिला होतास, म्हणून त्या दिवशी चाळीस माणसांपुढे तुला एवढंच म्हणता आलं की बाळ ओढ्याकडे आहे. आईला जाऊन तीस वर्षं झाली, आजीला साठ, आणि तरी तू शब्द पाळत होतीस. मला माझी चूक चौदा वर्षं धरवली नाही, सारखी टोचत होती. तू बहात्तर वर्षं... त्र्याहत्तर, डेलेनी मोजून सांगतेय, आता मागे येऊन वाचतेय, हाकलते तिला.

तिला सांगितलं मी. तू लिहिलंस ना, आता ज्यांना कळायचं त्यांना कळू दे. सांगितल्यावर तिनं वालाचे दाणे काढले, ओळी मांडल्या, आणि शेवटचे दोन दाणे एकमेकांना चिकटवून ठेवले. म्हणाली, "आता मी विसरणार नाही."

हार्लनला मी स्वतः फोन केला. दगड रोवताना मी चुकले होते, हेही सांगितलं. मला वाटलं तो काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "आत्या, मग दुसऱ्याचं काय? त्याचंही नाव घालायला पाहिजे ना?" एवढंच. मी चौदा वर्षं कशाला भीत होते कोण जाणे. त्याला अजून एक ओळ कोरायची आहे, म्हणून तो सातला दगड बसवणार नाही, डेकोरेशनच्याच दिवशी बसवू म्हणतो, सगळ्यांदेखत. काय ओळ घालायची ते तो मला विचारत होता. म्हटलं, मला नको विचारू. जिनं बाळाला हातात धरलं होतं तिला विचार.

तर तो तुला फोन करेल. आणि तू फोनवरून उत्तर दिलंस तर मला वाईट वाटेल, एवढंच सांगून ठेवते. डेकोरेशन पंधराला आहे. तुझ्या कमरेचं मला सगळं कळलंय, तरी सांगते. वर जायला म्हाताऱ्यांसाठी पार्कवाले गाडी ठेवतात. बोटीत चढताना दोघं जण दोन्हीकडून धरतात, तो एक बरा प्रकार आहे, या वयात आपल्याला दुसरं कोण धरतंय.

झेटी

हेमलॉक गॅप
१८ मे २०१६

ताई,

पोचलीस का सुखरूप? तुझा नातू फार सावकाश चालवतो गाडी, मला आवडला. त्याला सांग, त्यानं माझ्या कोंबड्यांचे काढलेले फोटो मला हवेत.

घर रिकामं रिकामं वाटतंय. डेलेनी कामावर गेलीय. मी आज काहीच केलं नाही, नुसतं आठवत बसलेय. तू बोटीच्या काठाशी आलीस आणि मॉसीनं तुला नारिंगी जाकीट पुढे केलं, आणि तू म्हणालीस, "मला नको, मी भोपळ्यासारखी दिसेन." तिच्या भोपळ्याचं मी तुला पत्रात लिहिलंय हे मॉसीला ठाऊक नव्हतं, म्हणून तिला कळलं नाही मी कशाला एवढी हसतेय. बोट धरणाच्या मधोमध आली तेव्हा तू पाण्याकडे बोट करून तुझ्या नातवाला म्हणालीस, "ते आमचं घर." त्यानं खाली बघितलं आणि काही विचारलं नाही. तो मला तेव्हाच आवडला.

वरचं तुला ठाऊकच आहे, पण तू पुढे उभी होतीस, मागचं तुला दिसलं नाही. ते सांगते. डेलेनी काठी टेकत निघाली, नाव घेत, आणि सगळे मागून म्हणत होते, तेव्हा मागच्या रांगेत मी एकटीच ओठ हलवत नव्हते. मला म्हणवेना. पहिल्यांदाच मी नुसती ऐकत होते. एवढे आवाज मागून येतात हे मला कधी माहीतच नव्हतं, पुढे चालणाऱ्याला ते कळत नाही. हेमलॉकपाशी आल्यावर पोरगी थांबली आणि तिनं काठी तुझ्या हातात दिली. असं ठरलं नव्हतं. तिनंच केलं. तू काठी ओढ्याकडच्या मातीवर टेकवलीस आणि म्हणालीस, "बाळ. आणि ज्यानं त्याला धरलंय तो." आणि मागून सत्तर माणसं तेच म्हणाली. त्यात बायका होत्या, पुरुष होते, च्युइंगम चघळणारी पोरं होती, पार्कचा तो अधिकारीसुद्धा टोपी काढून म्हणाला. मॉसी रडली. तिच्या मोहरीच्या अंड्यांबद्दल मी या वर्षी काहीही बोलायची नाही.

तुला गाडीनं खाली नेल्यावर हार्लननं टेकडीकडचा खाचेचा दगड उपटला. तो मला म्हणाला, "आत्या, तूच रोव. मागच्या वेळी तूच रोवला होतास." टोमणा होता, पण गोड. दोघांनी मिळून तो ओढ्याकडे नेला आणि दुसऱ्याला खांदा लावून उभा केला. तू म्हणालीस तीच ओळ हार्लननं तिथंच 'बाळ'च्या खाली कोरली, आणि कोकरू त्यांच्या पायाशी बसलं. टेकडीकडे आता नुसती सपाट जागा आहे. डेलेनीनं तिथं एक फूल ठेवलं. म्हटलं, अगं तिथं कुणी नाही. म्हणाली, असू दे, इतक्या वर्षांची सवय असेल त्या जागेला.

तंबाखू आणि भोवरा तू मधोमध ठेवलास, तसाच आहे. मी हलवला नाही. मी आता काहीच हलवत नाही.

एक राहिलं. तू पुडिंगचं भांडं विसरलीस. तेच काचेचं, निळ्या फुलांचं, मी बघताक्षणी ओळखलं. फॉइल काढली तेव्हा रांग लागली होती, तुला दिसलीच असेल. हार्लननं शेवटी बोटानं कोपरे पुसले, एवढा बाप्या माणूस. घरी आणून धुतलं आणि पालथं घातलं, तर तळाला चिकटपट्टी. नवी. आपल्यात सगळ्याच बायका चिकटवतात, नाव आणि ठिकाण, म्हणजे भांडं ज्या घरचं त्या घरी जातं. मला वाटलं अ‍ॅक्रनचा पत्ता असेल, पोस्टानं पाठवावं लागेल, फुटेल बिटेल. चष्मा लावून वाचलं.

'आयसी, बर्च कोव्ह.'

ताई, या पत्त्यावर भांडं पोचवायचं तर मला धरणाच्या तळाशी जावं लागेल. माझे गुडघे तेवढं खाली जायचे नाहीत. म्हणून ते माझ्या फडताळात वरच्या फळीवर ठेवलंय, पुढच्या डेकोरेशनपर्यंत. तू ये आणि घेऊन जा. रिकामं देणार नाही.

झेटी
बर्च कोव्ह